उगवतीचा दर्या

फिलिपिन्समध्ये दुमागेते नावाचं एक बंदराचं शहर आहे. मी तिथं कधी गेलेली नाही आणि या जन्मी जाईन असं वाटतही नाही. पण बोटीतून उतरून धक्क्याबाहेर आलं की डाव्या हाताला वळायचं, म्हणजे समुद्राकाठचा लांबलचक रस्ता लागतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याला तिथले लोक बुलेवार्ड म्हणतात. जुनी डेरेदार झाडं आहेत, आणि संध्याकाळी अर्धं गाव तिथल्या कठड्यावर पाय सोडून बसतं. मंडईच्या एका कोपऱ्यात पहाटेपासून बायका केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आणि कपभर गरम चॉकलेट विकतात. चर्चशेजारी दगडी घंटाघर आहे, तिथून पूर्वी समुद्री चाच्यांवर नजर ठेवायचे. समोर पाण्यात एक बेट दिसतं, त्या बेटावर चेटकिणी राहतात. हे सगळं मला मानांग फेलीनं सांगितलं, आणि चेटकिणींचं सांगताना तिनं छातीवर क्रूस काढला.

आमची गाठ पडली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात. खाण्याचे डबे, झाकणं, पेले असला प्लास्टिकचा माल आमच्याकडे बनतो. मी अकाउंट्सला, ती डिस्पॅचला, मध्ये एक काच. मी रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. माझे वडील जहाजावर होते, चुलते कुवेतला, त्यामुळे घरातला माणूस परदेशी असणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. पहिल्या दिवशी मी तिला 'मिस फेली' म्हटलं. तिनं नाक मुरडलं.

"मिस शाळेत असते. तू मला मानांग म्हण. मोठी बहीण. मी तुला दाय म्हणेन. धाकटी."

तिचं बोलणं म्हणजे इंग्रजी आणि इथल्या बाजारी हिंदीचं कालवण असायचं. मी ते मराठीत लिहिते आहे, पण त्यातली मजा निम्मी सांडणार हे आधीच सांगते.

मानांग बुटकी, गोल चेहऱ्याची. ऑगस्टात बाहेर अंगाची लाही होत असताना ती ऑफिसात पिवळा स्वेटर घालून बसायची, कारण एसीचा झोत नेमका तिच्या मानेवर यायचा. खुर्ची हलव म्हटलं तर हलवायची नाही. ती खुर्ची खिडकीशी होती. बोट दाखवणं तिला उद्धट वाटायचं, म्हणून ती ओठांनी दाखवायची. "स्टेपलर कुठंय?" म्हटलं की ओठांचा चंबू करून कपाटाकडे वळवायची. आणि 'हो' म्हणायचं तर तोंडानं नाही, भुवया उडवून. आमचा मॅनेजर इजिप्शियन, गरम डोक्याचा. तो विचारायचा, "फेली, कंटेनर गेला का?" ती भुवया उडवायची. तो म्हणायचा, "येस ऑर नो?" ती पुन्हा भुवया उडवायची. तो टेबलावर हात आपटायचा, "हबीबती, बाई माझे, उत्तर दे!" ती माझ्याकडे वळून म्हणायची, "दोनदा सांगितलं, आता गाऊन दाखवू?"

आमच्या ऑफिसात इन्शाल्ला या शब्दाची पार रया गेली होती. "पेमेंट उद्या येईल का?" "इन्शाल्ला." म्हणजे येणार नाही. मी मुसलमानाची मुलगी, मला ते खुपायचं. मानांगकडे तिच्या भाषेतला एक शब्द होता, 'पुहोन'. देवाच्या मनात असेल तर पुढे कधीतरी. पण ती तो शब्द असा म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, देवाच्या मनात आहेच, फक्त तारीख ठरायची आहे. "पुहोन मी घरी जाईन, दाय. पुहोन माझं दार उघडं असेल."

आता तिच्या त्या प्रसिद्ध चुकीबद्दल. कारखान्यातले लोक अजून ती सांगून हसतात.

दुमागेतेत डावं-उजवं कोणी सांगत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर. समुद्राकडे वळ, डोंगराकडे जा, झालं. आमच्याकडेही तेच, बंदराकडे आणि वरच्या अंगाला. तर एकदा आमचा ड्रायव्हर सलीमभाई, मंडणगडचा माणूस, माल घेऊन निघाला आणि नवीन गिऱ्हाइकाचा पत्ता विचारायला त्यानं मानांगला फोन केला. ती म्हणाली, "मोठ्या गोल चौकाला आलास की समुद्राकडे वळ आणि सरळ जा." सलीमभाई खुशीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माणसासारखा पत्ता सांगितला होता. तो समुद्राकडे वळला आणि सरळ जाऊन जेबेल अली बंदराच्या बाजूला पोचला. गिऱ्हाईक होतं वाळवंटाच्या दिशेला. दोघांचं फोनवर असं जुंपलं की मी काचेपलीकडून उठून आले.

"गो रेहानाबाय," सलीमभाई फोनवरून मला म्हणाला, "हिला विचार, हिचा दर्या कुठला? वाळवंटात कसला दर्या?"

मग उलगडा झाला. दुमागेतेचा समुद्र पूर्वेला आहे. तिथं सूर्य पाण्यातून उगवतो आणि डोंगराआड मावळतो. मानांगच्या अंगात ते इतकं मुरलेलं की जिकडून सकाळी ऊन येतं तिकडे समुद्र. आणि सलीमभाई कोकणातला. त्याच्या लेखी सूर्य बुडतो तिकडे समुद्र. दोघंही पक्के दर्याकाठचे, दोघंही खरं बोलत होते, आणि माल मात्र उन्हात रस्त्यावर.

"सूर्य समुद्रात बुडतो?" मानांगनं मला विचारलं. तिला ते खरंच भयंकर वाटलं. "रोज संध्याकाळी? आणि तुम्ही ते बघत बसता?"

"आणि तुमच्यात उगवतो तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता," मी म्हटलं.

"आम्ही चॉकलेट पीत असतो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सलीमभाई तिला पत्ता विचारताना आधी म्हणायचा, "मानांग, तुझा दर्या की माझा?" आणि ती ओठांनी दिशा दाखवायची, फोनवर. ते त्याला दिसणार नाही हे तिच्या ध्यानातच यायचं नाही.

शुक्रवारी कधी ती आमच्या घरी यायची. तिच्या क्वार्टर्समध्ये सुकी मासळी तळायला बंदी, वास जातो म्हणून तक्रारी व्हायच्या. आमच्याकडे कोण तक्रार करणार? मी सुके बोंबील काढायची, ती पिशवीतून तिच्या गावची सुकी मासळी काढायची, आणि आम्ही दोघी खिडक्या उघडून तळायला घ्यायचो. आमचे हे मग वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत पळायचे. एकदा तिनं तो केळीच्या पानातला भात केला, नारळाच्या दुधात शिजवलेला. मी एक घास खाल्ला आणि म्हटलं, "मानांग, हा तर आमच्याच आईच्या हातचा!" तिचे डोळे भरून आले. माझी मुलगी आफ्रीन म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट राइस." इथंच वाढलेली मुलगी, तिला कुठली माझी आई आणि कुठलं केळीचं पान. मानांग तिला म्हणाली, "तू लांब कुठंतरी जाशील ना, तेव्हा तुला कळेल भात म्हणजे काय." आफ्रीन हसली आणि आणखी एक मागून घेतला.

असं सगळं हसतखेळत चाललेलं दिसायचं. पण मानांगच्या जिवाला एकच गोष्ट लागलेली होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती.

तिला एकच मुलगा, आर्जे. तो लहान असतानाच नवरा तापानं गेला. मानांग इकडे आली, आर्जेला आजीनं वाढवलं. पुढे आर्जे जहाजावर लागला. त्या गावातल्या निम्म्या मुलांसारखाच, डेकवर. मग आजीही गेली. धक्क्याजवळच्या गल्लीतलं ते घर बंद झालं आणि किल्ली शेजारच्या बाईकडे राहिली. आता आर्जेची कंत्राटं महिनोन्महिन्यांची. तो उतरायचा तेव्हा मानांगला रजा नसायची. मानांगला रजा मिळायची तेव्हा तो कुठल्यातरी समुद्रात. वर्षं अशीच गेली. आर्जे घरी जायचा, शेजारणीकडून किल्ली घ्यायचा, कुलूप काढायचा, पंखा लावायचा आणि आईला फोन करायचा, "मा, पोचलो." मानांग इथं डिस्पॅचच्या टेबलाशी बसून म्हणायची, "जेवलास का?"

"मला काही मोठं नको, दाय," ती एकदा मला म्हणाली. "माझा मुलगा घरी येतो आणि स्वतः कुलूप काढून आत शिरतो. चोरासारखा. त्यानं बाहेरून हाक मारावी आणि मी आतून दार उघडावं. एकदा तरी. मग देवानं मला नेलं तरी चालेल. नको, लगेच नको. आधी त्याला जेवायला वाढीन."

एका वर्षी योग आला. आर्जे उतरणार आणि तिची रजा, दोन्ही जुळलं. कारखान्यात जणू लगीनघाई. आमच्या पॅकिंगच्या मुलांनी तिचं भलंमोठं खोकं अशा निगुतीनं बांधलं की एखाद्या गिऱ्हाइकाचा मालही कधी तसा बांधला नसेल. साबण, दुधाची पावडर, खजूर, चादरी, आर्जेसाठी बूट. ती गेली. घर झाडलं, भिंती पुसल्या, पडदे लावले. मला रोज फोटो यायचे. मग फोटो बंद झाले.

आर्जेच्या जागी जो यायचा होता तो आलाच नाही. बदली माणूस नाही म्हणून कप्तानानं आर्जेला सोडलं नाही, आणि जहाज पुढच्या बंदराला निघालं. आज येईल, उद्या येईल करता करता मानांगची रजा संपली. ती परत आली. तिचं विमान इकडे उतरल्यावर त्याच आठवड्यात आर्जे घरी पोचला. शेजारणीकडून किल्ली घेऊन.

तो फोन आला तेव्हा मी काचेच्या अलीकडे होते. मानांग ऐकत होती. तो सांगत होता म्हणे, टेबलावर नवीन कापड आहे, फ्रिजमध्ये मांस शिजवून ठेवलंय, बिछान्याला इस्त्रीची चादर आहे. ती म्हणाली, "गरम करून खा." फोन ठेवला आणि कंटेनरचे कागद पुढ्यात ओढले. मॅनेजर आला, तिच्याकडे बघितलं, काहीही न विचारता माघारी गेला. त्या गरम डोक्याच्या माणसाबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि मग जेबेल अलीचं झालं.

आर्जेचं नवीन जहाज जेबेल अलीला लागणार होतं. आमच्या कारखान्यापासून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं. मानांगला आधी खरंच वाटेना. तिनं भात शिजवला, मी केळीची पानं आणून दिली. आर्जेनं कळवलं होतं, उतरायची परवानगी मिळाली तर बंदराबाहेर येईन, तू ये. त्या दिवशी ती स्वेटर न घालता आली, नवा निळा ड्रेस, ओठांना लिपस्टिक. दुपारपर्यंत फोनच आला नाही. मग आला. कोणालाही उतरू देत नाहीत. माल भराभर चढतोय, संध्याकाळी निघणार. आणि बाहेरच्या माणसाला पासाशिवाय आत सोडणं शक्यच नाही.

मानांग डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

सलीमभाई दारात उभा होता. तो म्हणाला, "चल गो. लांबून तरी बघू. यल्ला, दोघी गाडीत बसा."

त्यानं आम्हाला जिथवर जाता येतं तिथवर नेलं. रस्त्याच्या कडेला जरा उंचवटा होता. समोर कुंपण, कुंपणापलीकडे कंटेनरांच्या राशी, आणि त्यांच्याही पलीकडे क्रेन, एकीसारखी एक. सूर्य नेमका समुद्राच्या अंगाला उतरलेला, सगळा उजेड डोळ्यांत. फोनवर आर्जे सांगत होता, "मा, मी मागच्या टोकाला आहे. नारिंगी कपडे. हात हलवतोय. दिसतोय का?"

मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मला क्रेनांच्या काळ्या रेघा दिसल्या. जहाज कुठलं आणि क्रेन कुठली हेही कळेना. नारिंगी तर कंटेनरच इतके होते. सलीमभाईनं माझ्याकडे बघून मान हलवली.

"दिसला!" मानांग ओरडली. "दिसला, आर्जे! बारीक झालायस!"

तिनं माझ्या गळ्यातली ओढणी ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी उंच धरून हलवायला लागली. "मी दिसते का? निळा ड्रेस! लाल कापड!" तिकडून आवाज आला, "हो मा, दिसतेस. सुंदर दिसतेस." दोघं खोटं बोलत होते की खरं, ते त्यांना ठाऊक. सलीमभाई गाडीचं टायर उगाचच लाथेनं तपासत होता. जहाज हलेपर्यंत ती तिथून हलली नाही. आम्हाला कुठलं जहाज हललं हेही कळलं नाही, तिनं सांगितलं म्हणून आम्ही मानलं. परतताना तिनं डबा उघडला आणि भात आम्हा दोघांना वाढला. तिनं एक घासही खाल्ला नाही.

नंतर काही दिवसांनी तिनं राजीनामा दिला.

मॅनेजर म्हणाला, "वेडी आहेस. अजून चार-पाच वर्षं सहज काम करशील." मीही म्हटलं, थोडं थांब. सगळ्यांनीच शहाणपण शिकवलं. तिनं मला एवढंच सांगितलं, "दाय, आम्ही दोघंही बोटीत बसलो आहोत. एकानं तरी धक्क्यावर उभं राहायला हवं. तो तरुण आहे, त्याला अजून बोटीतच बसावं लागणार. म्हणजे उतरायचं मी." माझं खाडीकाठचं घरही बंद आहे. ईदला उघडतो, साफ करतो, पुन्हा कुलूप. माझ्यासाठी ते आतून कोण उघडणार, हा विचार मी तिच्या त्या बोलण्याआधी कधी केलाच नव्हता, आणि आता तो जात नाही.

तिच्या निरोपाच्या दिवशी पॅकिंगच्या मुलांनी केक आणला, सलीमभाईनं तिला विमानतळावर सोडलं. मीही बरोबर गेले होते, ती आत जाईपर्यंत हात हलवत होते. ती मागे वळून भुवया उडवत होती. पुढे एखादं वर्ष आम्ही रोज फोनवर बोलायचो. आता तितकं बोलणं होत नाही. सणावाराला फोन येतो, नुसता आवाज. तिची खुर्ची एका नवीन मुलीला दिली, तिनं पहिल्याच दिवशी ती एसीखालून हलवली. मला मानांगची इतकी आठवण येते की कधीकधी काचेपलीकडे बघून मी हाक मारते, आणि ती मुलगी दचकते.

पण तिला मी शेवटची पाहिली ते असं. ती जाऊन काही महिने झाले होते. सकाळी मी ऑफिसात नुकती येऊन बसले होते, तिकडे भर दुपार. व्हिडिओ कॉल आला. मानांग फुलाफुलांच्या ड्रेसात, केस नीट बसवलेले.

"दाय, आर्जे येतोय. धक्क्यावरून निघाला. मी गेले नाही घ्यायला, मुद्दाम. तू बघ. कोणीतरी बघायला हवं."

तिनं फोन टेबलावर कशाला तरी टेकवून उभा केला. मला झाकलेली ताटं दिसली, खिडकीचा पडदा दिसला आणि दार दिसलं. तिच्या गल्लीत दिवसा कोणी दार लावत नाही, हे तिनंच मला सांगितलेलं. आज तिनं ते लावून घेतलं होतं आणि कडीही घातली होती. मी हातातलं काम बाजूला सारलं. बाहेर रिक्षेसारखं काहीतरी फटफटत आलं आणि थांबलं. कोणाचं तरी बोलणं, हसणं. मानांग दाराशी जाऊन उभी राहिली.

"मा!"

तिचा हात कडीवर होता. तो हलेना. मला वाटलं कडी अडकली. मी इकडून म्हटलं, "मानांग, उघड ना!"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ओठांवर बोट ठेवून तिनं मला गप्प केलं, आणि कान दाराला लावला.

बाहेर बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला. दारावर थाप पडली, आणि आर्जेनं पुन्हा हाक मारली, या वेळी जरा चिडून, मोठ्यानं, आई घरात आहे हे माहीत असलेला मुलगा मारतो तशी.